पॉइंट्स बाबांच्या नावावर?

मंडळी, टूनगॅबीत कुठल्याही मराठी घरी जेवायला जा, ताक-भातापर्यंत गप्पा दंडावर येतातच. ‘काय हे इथले नियम! शाळेजवळ ४०, तेही सकाळी आठ ते साडेनऊ आणि दुपारी अडीच ते चार. लाँग वीकएंडला पॉइंट्स दुप्पट. लक्षात तरी काय काय ठेवायचं?’

मला हे रडगाणं पटत नाही. सम-विषम तारखा बघून पी-१, पी-२ ला स्कूटर लावणाऱ्या पुणेकराला ४०चा आकडा जड जावा?

बरं, पोलीस तरी छळतात का? एका शुक्रवारी रात्री ओल्ड विंडसर रोडवर मला थांबवलं. पोलिसाने यंत्र पुढे धरलं, एक ते दहा आकडे मोजायला लावले आणि ‘थँक्यू’ म्हणून सोडून दिलं. १९८२ पासून या राज्यात दारूची ही तपासणी सरसकट होते. माझा हात मात्र आपल्या मामांच्या आठवणीने पाकिटाकडे गेला होता. गोंधळ नियमांत नाही, त्या हातात आहे.

खरी परीक्षा पुढे झाली. शाळेजवळच्या कॅमेऱ्यात मी सापडलो आणि पत्र घरी आलं. तीन वर्षांत १३ पॉइंट्स झाले की लायसन्स जातं. माझे बरेच आधीच जमले होते. मित्र म्हणाला, ‘बाबा आलेत ना? गाडी तेच चालवत होते म्हणून कळव. त्यांचं लायसन्स पुण्याचं, त्यांना काय फरक पडतो?’ बाबा ऐकत होते. म्हणाले, ‘टाक रे माझं नाव. मी काय, पुढच्या महिन्यात जाणारच.’

सरकारी नोकरीत एकाही खोट्या बिलावर सही न केलेला हा माणूस मुलासाठी खोटं बोलायला तयार झाला! मला माझीच लाज वाटली. पॉइंट्स मी माझ्याच नावावर घेतले.

ही युक्ती आपल्यात ‘स्मार्टपणा’ म्हणून सांगितली जाते. कायद्याने तो गुन्हा आहे. फेडरल कोर्टाचे निवृत्त न्यायाधीश मार्कस आइनफेल्ड यांनी २००६ साली वेगाचा ७७ डॉलर दंड चुकवायला कोर्टात शपथेवर सांगितलं, की गाडी एक मैत्रीण चालवत होती. ती २००३ मध्येच वारली होती! मार्च २००९ मध्ये त्यांना तीन वर्षांची शिक्षा झाली. जिथे न्यायाधीशाची गय झाली नाही, तिथे तुमची-आमची काय कथा?

आता मुलगी एल प्लेट लावून माझ्या शेजारी गाडी शिकते आहे. १२० तासांच्या लॉगबुकवर सही माझी. तिथेही ‘चार तास वाढवून लिही’ म्हणणारे भेटतातच. मंडळी, दंड भरून संपतो. पण खोटी सही कशी करायची हे मुलं आपल्याकडूनच शिकली, तर ते कुठल्या पत्रावर, कोणाच्या नावावर ढकलणार?