आधी जाकीट, मग होडी



आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे. धाकटी मुलगी सातवीत आहे. तिला देवमासा पाहायचा आहे, आणि तोही पुस्तकातल्या चित्रात नव्हे, समुद्रात. "बाबा, हिवाळ्यात कोकणात दिसतो ना?" असे तिने विचारले आणि आम्हीही वर्तमानपत्रातले काहीबाही आठवून "दिसतो की" म्हणून मोकळे झालो. पोरीने लगेच आजीला बातमी दिली. आजी म्हणाली, "तुम्ही जा. मी एकदा जाऊन आले, तेवढं पुरे."

आईचे हे बोलणे आम्हास लागले. त्याला कारण आहे.

आमच्या आईने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केली. तिने समुद्र पाहिला तो ६ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर, तोही गर्दीतून, लांबून. तिला एकदा होडीत बसवावे ही आमची जुनी हौस. तीन वर्षांपूर्वी ती आम्ही पुरी केली, पण कशी? मुलांना सुट्टी म्हणून मे महिन्यात गेलो. भर दुपारी होडीत बसलो. वारा सुटलेला, लाटा उसळत होत्या. माणसे जास्त आणि जाकिटे कमी. आईला जाकीट मिळालेच नाही, आणि आम्ही मागितलेही नाही. दूरवर डॉल्फिनची पाठ दिसताच आम्हीच ओरडलो, "जवळ घ्या, जवळ घ्या!" चार होड्या चार बाजूंनी धावल्या. डॉल्फिन बुडाले ते पुन्हा वर आलेच नाहीत. आई सारा वेळ आमचा दंड धरून डोळे मिटून बसली होती. पैसे गेले त्याचे काही नाही, पण तिची हौस आमच्या घाईने मारली.

म्हणून या खेपेस आम्ही आधी चौकशी केली. ती तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, मुलांना देवमाशाचे वचन देऊ नका. देवमासे अरबी समुद्रात आहेत, यात शंका नाही. २०१५ साली सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात अभ्यासकांना निळा देवमासा दिसला. त्याच वर्षी जूनमध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक निळा देवमासा येऊन पडला व मेला. २०२३ च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला वाळूत अडकलेल्या देवमाशाच्या पिल्लाला परत पाण्यात लोटण्यासाठी माणसे दोन दिवस झटली. पण तो हमखास दिसेल अशी सहल आपल्या किनाऱ्यावर नाही. आपल्याकडे समुद्र दूरपर्यंत उथळ आहे आणि हा प्राणी खोल पाण्यातला. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला खोल समुद्र किनाऱ्यापासून जवळ आहे, म्हणून तेथे मिरिस्सा गावाहून डिसेंबर ते एप्रिल देवमासे पाहायला होड्या निघतात. अनुराधपूर, कँडीच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. बाकी आपल्या खिशाला परवडणारा आहे तो देवमाशाचा भाऊबंद, डॉल्फिन. मालवणकडे त्याला गादा म्हणतात. नावाने मासा म्हटले तरी हे दोघेही मासे नव्हेत. ते फुप्फुसाने श्वास घेतात आणि पिल्लाला दूध पाजतात.

आम्ही हे सारे मुलीला खरे खरे सांगितले. ती जरा हिरमुसली. मग म्हणाली, "दूध पाजणारा तर पाहू या."

दुसरी गोष्ट हंगामाची. पावसाळ्यात होड्या बंद असतात. ऑक्टोबर ते मे हा हंगाम खरा, पण थंडीच्या दिवसांत आणि तेही सकाळी, वारा सुटण्याआधी, पाणी शांत असते. नाताळच्या गर्दीत जाऊ नये. आम्ही जानेवारी धरला आहे.

तिसरी गोष्ट खर्चाची. वसाहतीतल्या सहा घरांनी मिळून भिशी लावली आहे, महिना ५०० रुपये. मनमाडहून पंचवटीने मुंबई, रात्री कोकणकन्या, सकाळी कुडाळ. तेथून मालवण सुमारे ३० किलोमीटर, एस.टी.ने. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी उघडते, ते त्याच दिवशी करावे. एस.टी.त महिलांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आईचे आधार कार्ड पिशवीत आधी टाका. मुक्काम तारकर्ली किंवा देवबागला घरगुती ठिकाणी करावा. होडीचे भाडे, वेळ आणि माणसे किती, हे आधी ठरवावे. मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्लाही होतो.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. २०२४ च्या डिसेंबरात घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळून मुंबईच्या समुद्रात अनेकांना प्राण गमवावे लागले. तेव्हा जाकीट मागायला लाजू नका. प्रत्येकाला मिळाल्याशिवाय आणि मुलांच्या मापाचे असल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका. आपण गरीब आहोत, पण आपला जीव स्वस्त नाही. नावाड्याने "काही होत नाही" म्हटले तर दुसरी होडी पाहावी.

पाचवी गोष्ट आपल्या वागण्याची. डॉल्फिनला श्वासासाठी वर यावेच लागते, आणि आवाजाच्या आधारानेच तो वाट व भक्ष्य शोधतो. आपण इंजिन घोंगावत पाठलाग केला तर त्याची वाटच चुकवतो, मायलेकरांची ताटातूट करतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. पण बरेचदा नावाडी पाठलाग करतो तो आपण ओरडतो म्हणून. आपणच आधी सांगावे, "दादा, लांबच थांबा, इंजिन हळू करा. दिसले नाहीत तरी तुमचे पैसे पूर्ण देऊ." त्याचेही पोट त्यावर आहे. मग गप्प बसून पाण्याकडे पाहावे.

हा सारा बेत आम्ही रविवारी घरात वाचून दाखवला. आमच्या मंडळींनी भिशीची वही पुढे केली. मुलीने आजीचा हात धरला. आई बराच वेळ काही बोलली नाही. तांदूळ निवडत राहिली. आम्ही म्हणालो, "आई, मागच्या खेपेला चूक माझी होती."

तिने सूप बाजूला ठेवले. म्हणाली, "येते. पण आधी ते जाकीट मला घाल. अन् मला मधे बसव. या खेपेला डोळे उघडे ठेवीन म्हणते."

वाचकहो, आमचे सहावे नाव भिशीत पक्के झाले. तुमच्या घरातल्या म्हातारीलाही एकदा विचारून पाहा. "नको" म्हणाली, तर का नको म्हणते, तेही विचारा.