मॅडिसनचा निबंध, किंगचे पत्र आणि जन्माने ठरणारे बहुमत

अमेरिकेतील माध्यमिक शाळांत 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाचे अभ्यासक्रम असतात. शाळेत असतानाच महाविद्यालयीन दर्जाचा विषय शिकायचा आणि मे महिन्यात परीक्षा द्यायची. १ ते ५ पैकी चांगली श्रेणी मिळाली तर अनेक महाविद्यालये तो विषय पूर्ण झाला असे धरतात, म्हणजे फीचे पैसेही वाचतात. कॉलेज बोर्ड ही संस्था हे चालविते. यातील 'अमेरिकन शासन आणि राजकारण' या अभ्यासक्रमाकडे आंबेडकरी वाचकांनी लक्ष दिले पाहिजे असे आम्हाला वाटते. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांची मुले त्या वर्गात बसतात, एवढेच त्याचे कारण नाही.

२०१८ साली या अभ्यासक्रमाची फेररचना झाली आणि नऊ मूळ दस्तऐवज प्रत्येक विद्यार्थ्याला सक्तीचे झाले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, संविधान, 'फेडरलिस्ट'मधील चार निबंध वगैरे त्यात असणारच. पण नववा दस्तऐवज आहे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र! राष्ट्र स्थापन करणाऱ्या गोऱ्या धन्यांच्या पंक्तीत एका काळ्या कैद्याचे पत्र. परीक्षेतील एका निबंधात या दस्तऐवजांतून पुरावा काढून आपली बाजू मांडावी लागते, विरुद्ध बाजूला उत्तरही द्यावे लागते. नुसत्या घोकंपट्टीवर तिथे भागत नाही.

आता या यादीतील दोनच दस्तऐवज शेजारी ठेवून पाहू. जेम्स मॅडिसनचा दहावा निबंध १७८७ चा आहे. बहुमतवाला गट अल्पमतवाल्यांना चिरडील, ही त्याची भीती. त्यावर त्याचा उपाय असा की, देश मोठा करा, गट वाढू द्या, म्हणजे कोणा एका गटाचे कायमचे बहुमत होणार नाही. युक्तिवाद चलाख आहे. पण त्याच्या डोळ्यांपुढे होते कर्जदार आणि सावकार, जमीनवाले आणि बिनजमिनीचे. १७९० च्या पहिल्या जनगणनेत सुमारे ३९ लाख लोकांत जवळजवळ सात लाख गुलाम होते आणि मॅडिसन स्वतः गुलामांचा मालक होता. हे सात लाख त्याच्या गणितात कोणत्या गटात बसतात? आज कर्जदार असलेला उद्या सावकार होऊ शकतो. काळा उद्या गोरा होत नाही.

बाबासाहेबांनी नेमके याच ठिकाणी बोट ठेवले आहे. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९५५ च्या भाषावार राज्यांवरील पुस्तकात त्यांनी राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत यांत भेद केला. पहिल्यात कोणालाही शिरता येते आणि बाहेर पडता येते, दुसऱ्याचे सभासदत्व जन्माबरोबरच मिळते किंवा नाकारले जाते. मॅडिसनचा उपाय पहिल्यावर चालतो, दुसऱ्यावर चालत नाही. देश कितीही मोठा केला तरी गावोगावी जात तीच राहते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको!

किंगचे पत्र हे त्या दहाव्या निबंधाला १७६ वर्षांनी मिळालेले उत्तर आहे, असे आम्ही मानतो. १९५४ मध्ये ब्राऊन खटल्यात नऊच्या नऊ न्यायाधीशांनी शाळांतील वंशभेद घटनाबाह्य ठरविला होता. तरी नऊ वर्षांनी बर्मिंगहॅममध्ये फारसे काही हललेले नव्हते. थोडे थांबा, घाई करू नका, असे सांगणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना हे पत्र आहे. उघड द्वेष करणाऱ्यापेक्षा हा 'थांबा' म्हणणारा मवाळ गोरा जास्त अडसर ठरतो, हे किंग तिथे सांगतात. समरसतेच्या मंचावरून आम्हाला सबुरीचे डोस पाजणारे कोण आहेत, ते वाचकांनीच ओळखावे. १९५९ मध्ये भारतात आले असता एका शाळेत किंग यांची ओळख अमेरिकेतील अस्पृश्य अशी करून देण्यात आली. आधी त्यांना धक्का बसला, पण विचारांती ते खरे आहे असे त्यांनी मानले आणि १९६५ च्या प्रवचनात तसे सांगितले.

या अभ्यासक्रमाचे आम्ही गोडवे गात आहोत असे कोणी समजू नये. त्यात सक्तीचे खटलेही आहेत, त्यातला शॉ विरुद्ध रीनो पाहा. नॉर्थ कॅरोलिनात काळ्यांची लोकसंख्या एक पंचमांशाहून जास्त, तरी १९०१ नंतर काँग्रेसमध्ये त्यांचा एकही प्रतिनिधी नव्हता. काळ्यांचे बहुमत असलेले दोन मतदारसंघ आखले, तेव्हा १९९२ मध्ये दोघे निवडून आले. या आखणीविरुद्ध गोरे मतदार कोर्टात गेले होते आणि १९९३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टाने त्यांची तक्रार ग्राह्य धरली! नव्वद वर्षे प्रतिनिधी नव्हता तेव्हा समतेचा भंग झाला नाही, दोन जागा मिळताच झाला. पुणे कराराचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही तक्रार अनोळखी वाटणार नाही.

यादीही दगडावरची रेघ नाही. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क देणारा रो खटल्याचा निकाल उलटविला आणि सक्तीच्या पंधरा खटल्यांतून रो गेला. याच कॉलेज बोर्डाने आफ्रिकन-अमेरिकन इतिहास-संस्कृतीचा वेगळा अभ्यासक्रम तयार केला, तो फ्लोरिडा राज्याने जानेवारी २०२३ मध्ये नाकारला. फेब्रुवारीत बोर्डाने जो आराखडा जाहीर केला, त्यातून अनेक कृष्णवर्णीय विचारवंतांची नावे गळालेली होती आणि 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' चळवळ ऐच्छिक प्रकल्पाच्या विषयांत गेली होती. दबावामुळे हे केले नाही, असे बोर्डाचे म्हणणे. देशभरातून टीका झाली, तेव्हा त्याच वर्षी आराखड्यात पुन्हा बदल करावे लागले.