दहा लिटरचा संगणक

दूध लिटरवर घ्यावे, गोडेतेल लिटरवर घ्यावे, पेट्रोल तर लिटरवर घेण्यावाचून गत्यंतरच नाही. पण संगणकही लिटरवर मोजतात, ही वार्ता आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानी अद्याप आली नसेल. कॉलेजात जाणारा मुलगा फोनवर मित्राला “माझं अठरा लिटरचं आहे, तुझं?” असे विचारू लागला, तर आईने गवळ्याच्या रतिबाचा हिशेब काढू नये. तो बोलतो आहे संगणकाच्या पेटीविषयी. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरांत घ्यावी, तिन्हींचा गुणाकार करावा, हजाराने भागावे, आले लिटर. टेबलाखाली उभी असते ती नेहमीची मोठी पेटी ४० ते ५० लिटरांची भरते. २० लिटरांच्या आत मावते तिला लहान म्हणतात, आणि १० लिटरांच्या घरातली असली, तर मालकाचा मित्रमंडळींत भाव वधारतो.

दिवाळीच्या पाडव्याला घरात एखादी नवी वस्तू आणावी, अशी आपल्याकडे रीत आहे. सुटे भाग आणून मुलांच्या अभ्यासासाठी लहानसा संगणक घरीच जुळवावा, असा बेत यंदा काही घरांत शिजत असेल. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात टेबलाचा कोपरा काय तो मोकळा; तेव्हा पेटी लहान हवी, हे ओघानेच आले. पण लहान म्हणजे किती लहान, आणि त्या लहानपणाचे मोल कशात द्यावे लागते, याचा विचार पैसे मोजण्याआधी झालेला बरा.

या पेटीला बाजारात ‘कॅबिनेट’ म्हणतात. घरोघरी मात्र तिला ‘सीपीयू’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा सुमारे ४ सेंटिमीटरांचा चौकोनी तुकडा. पेटीच्या पोटात कूलरखाली दडलेला. पण वाड्याला धन्याचे नाव पडावे, तसे झाले आहे. भाषेच्या मास्तरानेही त्याला हरकत घेऊ नये. लोक बोलतात तीच भाषा. ‘कॅबिनेट’ हा शब्द तर मोठा मौजेचा. मंत्रिमंडळात काय आणि या पेटीत काय, जागा थोड्या नि इच्छुक फार. एकाला आत घेतले की दुसऱ्याला कोपर लागते, आणि विस्तार करू म्हटले की आधीचे तापतात. फरक इतकाच, की पेटीतले खातेवाटप एकदा नीट झाले म्हणजे पुढे काही वर्षे कुरबूर ऐकू येत नाही.

आपल्या देशात बांधलेल्या पहिल्या संगणकांपैकी एक मुंबईचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बांधला. १९६० साली तो कामाला लागला आणि १९६२ साली त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळाले. त्याच्या पोटात २,७०० निर्वात नळ्या होत्या. त्याची पोलादी पेटी १८ फूट लांब, अडीच फूट खोल आणि ८ फूट उंच. आपल्या रीतीने हिशेब केला, तर ती भरते दहा हजार लिटरांच्या वर. उन्हाळ्यात माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवर जातो तो पाण्याचा टँकर डोळ्यांसमोर आणावा. आज त्याच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या जागेत, म्हणजे एका बादलीत, त्याच्याहून कितीतरी पटींनी वेगवान यंत्र बसते.

परंतु त्या पोलादी पेटीची खरी गंमत आकारात नाही. ती सुट्या कप्प्यांची बनवलेली होती आणि प्रत्येक कप्प्याला दोन्ही अंगांनी दारे होती. निर्वात नळ्या म्हणजे दिव्यांचेच भाऊबंद. त्यांतली कोणती केव्हा राम म्हणेल, याचा नेम नाही. नळी गेली की दार उघडावे, ती काढावी, दुसरी बसवावी. ज्याला आज दुकानदार ‘मॉड्युलर’ म्हणून चार पैसे जास्त लावतात, त्याचे मर्म हेच. आपल्या स्वयंपाकघरात तर ते पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. मिसळणाचा डबा पाहा. मोहरी संपली, तर मोहरीची वाटी काढतात, हळदीला कोणी हात लावत नाही. आणि एखादी वाटी चेपली, तर भांड्यांच्या कोणत्याही दुकानात तिच्या मापाची दुसरी मिळते.

दुसरी मिळते, हे महत्त्वाचे. पेटीतले भाग नुसते सुटे होऊन भागत नाही. त्या जागी परक्या घरचा भाग बसला पाहिजे. आणि त्यासाठी हवे सर्वांनी मानलेले माप. इंटेल कंपनीने १९९५ साली मदरबोर्डासाठी ‘एटीएक्स’ हे माप ठरवले : ३०५ मिलिमीटर बाय २४४. तैवानच्या व्हीआयए कंपनीने २००१ साली ‘मिनी-आयटीएक्स’ आणले : १७० बाय १७०. पहिले मोठ्या परातीएवढे, तर दुसरे फुलक्याएवढे. लहान पेट्यांचा सारा संसार या फुलक्याभोवती आहे. त्यात रॅमला बहुधा दोनच खाचा असतात आणि ग्राफिक कार्डाला एक. पण कोणत्याही कंपनीचा बोर्ड घ्या, स्क्रूची चार भोके त्याच ठिकाणी येतात. हा शिस्तीचा केवढा मोठा लाभ आहे!

ही शिस्त नसली म्हणजे काय होते, ते आमच्या घरी पाहायला मिळाले. एका नामांकित कंपनीचा तयार संगणक होता, देखणा, सडपातळ. पाचव्या वर्षी त्याचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, जळाला. बाकी सारे धडधाकट. पण तो डबा त्या कंपनीच्याच खास मापाचा आणि त्याची पिनही निराळी. कराडला चौकशी केली, पुण्याला केली. कंपनीकडून उत्तर आले, की त्या नमुन्याचे भाग आता बनत नाहीत. मुलीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तेव्हा तीन आठवडे उरले होते. डिस्क काढून तिचे लिखाण तेवढे वाचवले, आणि बाकीचे यंत्र, चांगला प्रोसेसर व चांगली रॅम पोटात घेऊन, भंगारवाल्याच्या काट्यावर चढले. विहिरीवरचे वीस वर्षांचे इंजिन शेजारचा मिस्त्री उघडतो, रिंगा बदलतो आणि संध्याकाळी उसाला पाणी सुरू होते. पाच वर्षांच्या संगणकाने मात्र एका डब्यापायी मान टाकावी, हे काही पटण्यासारखे नव्हे.

म्हणून पेटी निवडताना रंग आणि काच पाहण्याआधी चार मापे कागदावर लिहून घ्यावीत. पहिले, बोर्ड कोणत्या मापाचा बसतो. दुसरे, वीजपुरवठा कोणता. नेहमीचा एटीएक्स डबा मोठा पडतो; लहान पेट्यांसाठी ‘एसएफएक्स’ हे माप आहे, १२५ बाय १०० बाय ६३.५ मिलिमीटर. तेही सर्वमान्य आहे, म्हणून चिंता नाही. तिसरे, कूलरची उंची. काही पेट्यांत १५० मिलिमीटरांचा उंच कूलर मावतो, तर काहींत ५० मिलिमीटरांचाही मुश्किलीने. चौथे, ग्राफिक कार्डाची लांबी आणि जाडी, म्हणजे कार्ड घ्यायचेच असेल तर. अगदी लहान पेट्यांत बोर्ड आणि कार्ड पाठीला पाठ लावून बसतात, आणि दोघांमधला निरोप पट्टीसारख्या केबलमधून जातो. भांडलेल्या जावांसारखे म्हणा ना! उदाहरणच द्यायचे, तर कूलर मास्टरची ‘एनआर २००’ ही पेटी १८ लिटरांची आहे. तिच्यात १२० मिलिमीटरांचे मोठे पंखे मावतात. फ्रॅक्टल कंपनीची ‘टेरा’ १०.४ लिटरांची, लाकडी पट्टीची, फार सुरेख. पण तिच्यात प्रत्येक मिलिमीटरचा हिशेब द्यावा लागतो.

या चारांना आमच्या भागासाठी पाचवे माप जोडावे लागते, ते म्हणजे वारा. उंब्रज कृष्णा-तारळीच्या संगमावरचे असले, तरी गाव महामार्गाला लागून आहे. धुळीला तोटा नाही. शिवाय उसाचे पाचट पेटले, की काळी राख उडत घरात येते. एप्रिल-मेचा उकाडा तर सांगायलाच नको. संगणकाने ओढलेली वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते. जुन्या ६० वॅटच्या दिव्याला हात लावून पाहिलेल्यांना ६५ वॅटचा प्रोसेसर काय करतो हे समजावून सांगायला नको. ग्राफिक कार्ड तर याच्या तिप्पट-चौपट तापते. प्रोसेसर ९०-१०० अंशांच्या घरात गेला, की जीव वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. तेव्हा बाजूंना जाळी आणि वर गरम हवेला वाट असलेली पेटी पाहावी. हवा आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा थोडे जोरकस ठेवावेत, म्हणजे हवा गाळणीतूनच आत येते, फटीफटींतून धूळ ओढली जात नाही. ती गाळणी हाताने निघणारी असावी. आठवड्याला देव्हारा पुसतो, तशी महिन्याला ती धुवावी.

इथवर वाचून कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? दोन लिटरांचा तयार डबीएवढा संगणक मिळतोच की! मिळतो, आणि ज्यांना पत्रे लिहायची, बँकेची कामे करायची आणि नातवंडांची तोंडे पडद्यावर पाहायची, त्यांनी तोच घ्यावा. रॅम आणि डिस्क बदलता येते ना, एवढे विचारून घ्यावे. जागेची अडचण नसेल, तर मोठी साधी पेटी सर्वांत स्वस्त आणि थंडही. लहान पेटी तिच्या दुपटीहून महाग पडू शकते, आणि वर बोर्ड व एसएफएक्स डबाही जास्त पैसे मागतात. ज्याला जागा थोडी, काम भारी आणि यंत्र पुढे दहा वर्षे भाग बदलत वापरायचे आहे, त्याच्यासाठीच हा लहान पेटीचा मार्ग. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक आमच्या उंब्रजला आहे. अकरांतला सर्वांत लहान मारुती पारगावचा. पण लहान म्हणून त्याची योग्यता कमी होत नाही, आणि केवळ लहान म्हणून वाढतही नाही.

आता जुळवणीविषयी. मोठ्या पेटीत चुकले तर हात घालायला जागा असते. लहान पेटीत क्रम हाच देव. परदेशी लेकीला फराळ पाठवताना लाडू खाली, चकल्या मध्ये, चिवड्याने फटी भरायच्या, हे आईला कोणी शिकवावे लागत नाही; तसेच हे. मुलीने नवे भाग टेबलावर मांडले, तेव्हा आमच्या मातोश्रींनी विचारले, “अगं, एवढं सगळं ह्यात मावणार कसं?” ती म्हणाली, “आजी, तू डबा भरतेस तसंच!” आधी पेटीच्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण खाचेच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद ठेवावा. जोर करू नये. रॅम ‘टक्‌’ असा आवाज येईपर्यंत दाबावी. एसएसडीही बाहेरच बसवावी. थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. चटणीसारखी थापू नये. कूलर लहान असेल, तर तोही बाहेरच लावून घ्यावा. मग बोर्ड आत. प्रोसेसरच्या विजेची केबल आणि पुढच्या बटणाच्या बारीक पिना एसएमपीएस बसण्याआधी लावून घ्याव्यात, कारण नंतर तिथे बोट पोचत नाही. कार्ड सर्वांत शेवटी. संध्याकाळी चहाच्या वेळेस सुरू झालेले काम रात्रीच्या जेवणाआधी संपले, आणि बटण दाबताच पंखा फिरला, तेव्हा मातोश्रींनी यंत्राला कुंकू लावले.

एक सावधगिरी मात्र मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी. ‘मॉड्युलर’ एसएमपीएसच्या केबली सुट्या निघतात; त्या एका कंपनीच्या डब्यातून काढून दुसरीच्या डब्याला लावू नयेत. खाच सारखी दिसते, पिनांचा क्रम निराळा असतो, आणि क्षणात बोर्ड जळू शकतो. सुटे होते खरे, पण परके बसत नाही. मॉड्युलर या शब्दाचे अर्धेच सत्य तिथे आहे. दुरुस्तीच्या सोयीसाठी नावाजलेल्या अमेरिकेतल्या फ्रेमवर्क कंपनीने २०२५ साली साडेचार लिटरांचा एक संगणक जाहीर केला. त्याच्या दर्शनी बाजूच्या रंगीत चौकोनी फरशा हव्या तशा बदलता येतात, बोर्डही मिनी-आयटीएक्स मापाचा. रॅम मात्र वेगासाठी बोर्डालाच कायमची जोडलेली. कारण रास्त असेल. पण घेणाऱ्याने ओळखावे, की फरशी बदलण्याची हौस वर्षातून एकदा येते, आणि रॅम कमी पडण्याची पाळी बहुधा चौथ्या वर्षी.

तात्पर्य काय, तर दुकानात गेल्यावर दोनच प्रश्न विचारावेत. हा भाग सुटा होतो का? आणि त्याच्या जागी दुसऱ्या कंपनीचा बसतो का? दोन्हींना ‘हो’ असे उत्तर आले, की पेटी दहा लिटरांची असो वा अठरा, बेलाशक घ्यावी. आणि पाडव्याच्या खरेदीच्या यादीत शेवटी एक चांगला फुलीचा स्क्रूड्रायव्हर, दोन नंबरचा, अवश्य लिहावा. तो मुलांच्या हाती द्यावा, आणि पुढच्या खंडेनवमीला घरच्या हत्यारांत त्याचीही पूजा करावी.