जनरल रजिस्टर आणि हजेरीपट

शाळेत दोन प्रकारच्या नोंदी असतात. एक जनरल रजिस्टर. मूल शाळेत आले की नाव, जन्मतारीख, गाव लिहायचे आणि शाळा सोडताना शेवटचा रकाना भरायचा. दुसरा हजेरीपट. तो रोज भरायचा. एखादे मूल कधीपासून गळायला लागले, हे जनरल रजिस्टरवरून कळत नाही, हजेरीपटावरून कळते. शाळा चालवायची तर दोन्ही लागतात.

आपल्या देशात कर्करोगाचे जनरल रजिस्टर आहे, आणि त्याचा अभिमान वाटावा असे आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली मुंबईत नोंदणी सुरू केली. १९८१ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. १९८७ पासून आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला देशातली पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तिथली माणसे खेडोपाडी फिरली, लोकांशी बोलली, तेव्हा ती उभी राहिली. तिरुवनंतपुरमच्या स्त्रियांमध्ये थायरॉईडच्या कर्करोगाचे प्रमाण देशातल्या इतर बऱ्याच भागांपेक्षा जास्त आहे, हे अशा नोंदींमुळेच कळले.

पण या नोंदी मुख्यतः किती जणांना, कुठे, कोणत्या वयात, एवढे सांगतात. उपचार कसे झाले आणि नंतर त्या माणसाचे कसे चालले आहे, याचा हजेरीपट निराळा लागतो. थायरॉईडच्या बाबतीत तो फारच लागतो, असे माझे मत आहे.

कारण हा आजार बहुतेकांना मारत नाही, सोबत राहतो. त्याचा नेहमी आढळणारा प्रकार झालेले बहुतेक रुग्ण पुढे कित्येक वर्षे जगतात. मात्र संपूर्ण ग्रंथी काढली की थायरॉक्सिनची गोळी जन्मभराची. रक्ताच्या तपासण्या वर्षानुवर्षे. आणि आजार कधीकधी पंधरा-वीस वर्षांनीही डोके वर काढतो. डॉक्टर बदलतात, गाव बदलते, कागद हरवतात.

माझ्या धाकट्या जावेचे ऑपरेशन होऊन बरीच वर्षे झाली. ती ठणठणीत आहे. मुलाकडे दुसऱ्या शहरात राहायला गेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी विचारले, गाठ केवढी होती? किरणोत्सारी आयोडीन एकूण किती दिले? ते पुन्हा द्यायची वेळ आली तर आधीचा हिशोब बघावा लागतो म्हणे. पिशवीभर कागद होते, नेमके तेच नव्हते. जुन्या रुग्णालयाने सांगितले, इतके जुने कागद आम्ही ठेवत नाही. रात्री फोनवर ती म्हणाली, "जाऊबाई, माझेच ऑपरेशन, आणि मलाच सांगता येईना."

हा झाला एकटीचा प्रश्न. सगळ्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. थायरॉईडच्या मागून आवाजाच्या नसा जातात. तिथेच तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या रक्तातले कॅल्शियम सांभाळतात. त्यांना धक्का लागला तर आवाज बसतो, हातापायांना मुंग्या येतात. हे किती जणांना होते, त्यातले किती सावरतात, कुठे जास्त होते? सगळीकडच्या नोंदी एकत्र आल्याशिवाय याचे खरे उत्तर कोण देणार?

नोंदींनी उपचार बदलतात, याची उदाहरणे आहेत. दक्षिण कोरियात सोनोग्राफी वाढली तशी थायरॉईड कर्करोगाची संख्या २०११ पर्यंत १९९३ च्या पंधरापट झाली, पण मृत्यूंचे प्रमाण होते तिथेच राहिले. म्हणजे ज्यांनी कधी त्रास दिला नसता अशा गाठी मोठ्या संख्येने शोधून कापल्या जात होत्या. २०१४ मध्ये हे जाहीर चर्चेत आले आणि ऑपरेशने झपाट्याने कमी झाली. जपानमध्ये कोबेच्या कुमा रुग्णालयाने १९९३ पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या गाठी न कापता नुसत्या नजरेखाली ठेवल्या आणि बारकाईने लिहून ठेवले. दहा वर्षांत शंभरातल्या सुमारे आठ जणांचीच गाठ तीन मिलिमीटर किंवा जास्त वाढली. आज जगभर डॉक्टर हा पर्याय रुग्णापुढे ठेवतात, तो या चिकाटीच्या हजेरीमुळे.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये खास थायरॉईड कर्करोगाच्या उपचारांची नोंदवही २०१७ पासून आहे. स्वीडनमध्ये थायरॉईडच्या शस्त्रक्रियांची २००४ पासून. आपल्याकडे का नसावी?

आक्षेप मला ठाऊक आहेत. एक, डॉक्टरांना वेळ कुठे आहे? खरे आहे. म्हणून लिहिणारा माणूस वेगळा नेमावा, त्याला पगार द्यावा. शिक्षकाच्या गळ्यात जनगणना नि निवडणूक घातली की वर्गाचे काय होते, ते मी पाहिले आहे. दोन, रुग्णाची गुप्तता. तीही रास्त. संमतीशिवाय नाव लिहू नये, विश्लेषण करणाऱ्याला नाव दिसू नये. २०२३ साली त्यासाठी कायदाही संमत झाला आहे. तीन, रुग्णालयांना भीती वाटते की आकडे बाहेर आले तर बदनामी होईल. मला वाटते, सुरुवातीला प्रत्येकाला त्याचे त्यालाच आकडे दाखवावेत, शेजारी सगळ्यांची सरासरी. प्रगतिपुस्तक चौकात लावायचे नसते, घरी द्यायचे असते.

आणि एक रकाना रुग्णाने स्वतः भरावा. झोप कशी लागते, थकवा किती येतो, पूर्वीसारखे गाता येते का. हे रक्ताच्या तपासणीत सापडत नाही. शिवाय त्याची एक प्रत रुग्णाच्या हाती राहावी. चौदा अंकी आभा क्रमांक आपल्याकडे आलाच आहे, त्याला ही नोंद जोडता येईल.

तोवर आपण घरच्या घरी एवढे करू या. ज्यांचे असे ऑपरेशन झाले आहे त्यांनी तारीख, गाठीचा आकार, तपासणीचा अहवाल, आयोडीनची मात्रा आणि गोळीची सध्याची ताकद एका वहीत लिहून ठेवावी, मुलांना दाखवून ठेवावी. त्याने सगळ्यांचा प्रश्न सुटणार नाही, पण पुढच्या डॉक्टरांपुढे गप्प बसावे लागणार नाही. डॉक्टर झालेल्या भाचे-पुतण्यांनो, बाकीचे तुमच्याकडे लागले. माझे कुठे चुकत असेल तर जरूर सांगा.