तार सांभाळा, परदेशी गिऱ्हाईक आम्ही शोधू

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा निर्यात प्रोत्साहन समिती, अमरावती / अकोला

विषय : लघुउद्योगांच्या निर्यातीसाठी अखंड इंटरनेट जोडणी मिळणेबाबत (स्मरणपत्र)

महोदय,

वरुड-मोर्शीचा संत्रा वर्षानुवर्षे बांगलादेशच्या भरवशावर राहिला. तिथले आयात शुल्क 2019 मध्ये किलोमागे सुमारे 20 रुपये होते; 2023 मध्ये ते 88 रुपयांवर गेले आणि इथले भाव पडले. शासनाने निम्म्या शुल्काइतके अनुदान जाहीर केले, त्याबद्दल आभार. पण अनुदानाने एकाच गिऱ्हाइकावरची भिस्त सुटत नाही. त्यासाठी इथल्या लहान व्यापाऱ्याला आखाती देशांतल्या खरेदीदाराशी थेट बोलता आले पाहिजे. अकोल्याच्या डाळ मिलवाल्यांना आणि मेळघाटातल्या बांबू कारागिरांनाही हेच लागू आहे. परदेशात कचेरी थाटणे यांतल्या कुणाला परवडणारे नाही. त्यांची कचेरी म्हणजे दुकानातला संगणक.

नेमके तिथेच घोडे पेंड खाते. रस्त्याच्या कामात जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली की गावेच्या गावे बंद पडतात. खोदणारे म्हणतात, केबल आमची नाही. केबलवाले म्हणतात, आम्हाला कळवलेच नाही. संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडीत खरेदीदार ग्रेडिंगच्या पट्ट्यावरचा माल व्हिडिओ कॉलवर पाहायला मागतो. फळाचा आकार, मेणाची चकाकी दाखवता दाखवता चित्र थिजते, कॉल तुटतो. जोडणी परत येईस्तोवर त्याने दुसरीकडे सौदा केलेला असतो. निर्यातीच्या ऑनलाइन कागदपत्रांचीही हीच गत : सगळे भरून झाल्यावर ओटीपी येत नाही, आला तर मुदत संपलेली, की पुन्हा पहिल्यापासून. तोडलेला संत्रा तेवढा थांबत नाही. खोदकामापूर्वी संयुक्त पाहणी करू, असे संबंधित यंत्रणांनी बैठकीत सांगितले होते; पाहणी झाली नाही. दुसऱ्या मार्गाने पर्यायी केबल टाकू, असेही सांगितले होते; पुढे विचारले की ‘प्रस्ताव पाठवला आहे’ एवढेच उत्तर मिळते. त्या प्रस्तावाचा जावक क्रमांक मागितला, तोही मिळाला नाही.

मोबाईलचे नेट आहे ना, असे आम्हाला सांगण्यात येते. पण टॉवरही बहुधा त्याच केबलवर चालतात आणि वीज जास्त वेळ गेली की त्यांची बॅटरीही संपते. एवढासा माल मुंबईच्या निर्यातदारामार्फत पाठवा, असाही सल्ला मिळतो. तसा तो जातोच. पण मग अंतिम खरेदीदार कोण आणि त्याने भाव काय दिला, हे इथे कळत नाही. एक बाजार बंद झाला की दुसरा शोधायला हातात एक पत्ताही उरत नाही. खर्चाचा मुद्दा असेल, तर तुटलेली केबल वारंवार जोडण्याचा आणि बुडालेल्या सौद्यांचा हिशेबही मांडावा.

सबब मागण्या :

1. केबल तुटल्यास दुरुस्तीची कालमर्यादा व जबाबदार अधिकारी लेखी ठरवावा. संयुक्त पाहणीशिवाय खोदकामास परवानगी देऊ नये.

2. पर्यायी केबलच्या प्रस्तावाची सद्यःस्थिती लेखी कळवावी.

3. डाकघर निर्यात केंद्रांची सेवा तालुक्यापर्यंत न्यावी.

4. निर्यातीच्या ऑनलाइन कामासाठी मराठीतून मदत मिळावी.

समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा व आम्हाला बोलवावे. तोंडी आश्वासने पुष्कळ झाली. आंबिया बहाराची तोड सुरू होण्यापूर्वी लेखी उत्तर मिळावे, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
अमरावती व अकोला जिल्ह्यांतील लघुउद्योजक