देश तसा वेश – पण कुठवर?

‘देश तसा वेश’ ही म्हण आपण फार सहज वापरतो. पण वेश बदलावा तसा मुक्कामागणिक धर्मनियमही बदलावा काय? परदेशातील सामुदायिक सहलीत ‘कोशर’ आणि ‘शब्बाथ’ पाळणाऱ्या ज्यू प्रवाशासमोर हाच प्रश्न उभा राहतो.

कोशर म्हणजे ज्यूंचे आहारनियम. डुकराचे मांस वर्ज्य. मासा चालतो, पण त्याला खवले आणि पर दोन्ही हवेत. म्हणजे कोळंबी, खेकडा बाद. मांस व दूध एकत्र नाही, भांडीही वेगळी. शब्बाथ म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंतची विश्रांती. त्या काळात विस्तव पेटवायचा नाही, वाहनात बसायचे नाही, पैसा हाताळायचा नाही.

आता सहलीचा कार्यक्रम पाहा. डिसेंबरात लंडनला सूर्य चारच्या आत मावळतो आणि बस मुक्कामी पोचते सात वाजता! हॉटेलची खोली विजेच्या कार्डाने उघडते. मग असा प्रवासी काय करतो? विमान कंपनीला आधी कळवून सीलबंद कोशर जेवण मागवतो. डबाबंद मासे, बिस्किटे, फळे जवळ बाळगतो. शुक्रवारी मागे राहतो आणि रविवारी पदरचे पैसे खर्चून सहलीला गाठतो.

यावर कोणी म्हणेल, “एक दिवस सोडला तर काय बिघडते?” हा प्रश्न नेहमी एकट्यालाच का विचारला जातो? युरोपच्या सहलीत आपल्याला वरणभात मिळतो, जैन जेवणाची वेगळी सोय होते. त्याला आपण हट्ट म्हणत नाही. शिवाय हे नियम आंधळे नाहीत. कोणाचा जीव धोक्यात असेल तर शब्बाथ बाजूला ठेवावा, असे तोच धर्म सांगतो.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. ‘जुळवून घे’ हे शब्द नवख्याच्या वाट्याला किती येतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून कोकणातील बेने इस्रायल समाजाचे उदाहरण मला मोलाचे वाटते. त्यांनी इथला वेश घेतला, मराठी भाषा घेतली, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावांवरून आडनावे घेतली. पण शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवला. गावाने त्यांना तो चालवायला लावले नाही. ‘शनिवार तेली’ म्हणून त्यांचा शनिवार त्यांच्या नावातच गुंफला!

अर्थात कर्तव्य दोन्ही बाजूंना आहे. एकासाठी चाळीसजणांनी शनिवारभर थांबावे, असे मी म्हणत नाही. नियम पाळणाऱ्याने पैसे भरण्यापूर्वीच आपली अडचण सांगावी. संयोजकानेही शुक्रवारी सूर्यास्ताला बस कुठे असेल हे स्पष्ट सांगावे. ‘तिथे गेल्यावर बघू’ हे उत्तर म्हणजे फसवणूकच.

मित्रहो, आपल्याही शैक्षणिक सहली निघतात. यादीत नावे लिहिताना सोबत एक रकाना वाढवू या : कोण काय खात नाही, कोणाचा उपवास कधी, कोणाचा कोणता दिवस. तो भरायला फार शाई लागत नाही.

— एस. वाय. बी. ए.