फडातला झोंबी

झोंबी, म्हणजे मरूनही चालत राहिलेले आणि स्वतःची इच्छा गमावून बसलेले शरीर, मराठी पडद्यावर तसे उशिराच आले. आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ २६ जानेवारी २०२२ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा डोंबिवलीची उंच गृहसंकुले, त्यांना लागून असलेली वस्ती आणि पाण्यावरून पेटलेला तंटा यांच्या आधारे हा परका प्रकार मराठी मातीत रुजू शकतो, हे प्रेक्षकांनी पाहिले आणि मान्यही केले. अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांच्या या चित्रपटामागे सारेगामा कंपनीची यूडली फिल्म्स ही निर्मितीसंस्था होती, त्यामुळे त्याला काटेकोर अर्थाने स्वतंत्र चित्रपट म्हणता येत नाही; मात्र त्यानंतर स्वतःच्या खिशातून किंवा मित्रमंडळींच्या वर्गणीतून असा चित्रपट करू पाहणाऱ्या दिग्दर्शक, छायालेखक, ध्वनिलेखक आणि रंगभूषाकारांना त्याने एक दार उघडून दिले, हे निर्विवाद आहे. त्या दारातून पुढे जाताना डोंबिवलीऐवजी दुसरे एखादे शहर घ्यायचे, त्याच्या रस्त्यावर गर्दी धाववायची आणि बाकी सारे तसेच ठेवायचे, हा मोह स्वाभाविक असला तरी त्यातून फार तर नक्कल हाती लागेल. भयपटावर मनापासून प्रेम करणाऱ्या प्रेक्षकाला मराठीतून जे नवे हवे आहे, ते जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील उसाच्या फडात उभे आहे, असे या मासिकाचे मत आहे आणि त्यामागे इतिहासाचा भक्कम आधार आहे.

झोंबीचा जन्मच मुळी उसाच्या मळ्यातला आहे. कॅरिबियन समुद्रातील हैती हा देश फ्रेंचांची वसाहत असताना आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून तेथे ऊस पिकवून घेतला जाई आणि हे काम इतके जीवघेणे असे, की मृत्यू हीच त्यातून सुटका वाटावी. मेल्यानंतरही कोणी मांत्रिक शरीर उठवून पुन्हा मळ्यावर राबायला लावील, म्हणजे ती शेवटची सुटकाही हिरावून घेतली जाईल, ही भीती झोंबीच्या कल्पनेच्या मुळाशी असल्याचे अनेक अभ्यासक मांडतात. १७९१ मध्ये तेथील गुलामांनी उठाव केला आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. पुढे १९१५ ते १९३४ या काळात तो अमेरिकेच्या लष्करी ताब्यात असताना विल्यम सीब्रुक या प्रवासी लेखकाने १९२९ साली ‘द मॅजिक आयलंड’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि एका अमेरिकी साखर कंपनीच्या मळ्यात राबणाऱ्या मृतांची कथा त्यातून बाहेरच्या जगापर्यंत पोहोचली. १९३२ च्या ‘व्हाइट झोंबी’ या चित्रपटातील सर्वांत अंगावर येणारे दृश्य कबरीतले किंवा स्मशानातले नाही, ते साखरेच्या घाण्यातले आहे: मुकी माणसे घाणा ओढत राहतात, त्यांच्यातला एक तोल जाऊन यंत्रात पडतो आणि बाकीचे पाऊलही न चुकता फिरत राहतात. १९४३ च्या ‘आय वॉक्ड विथ अ झोंबी’मध्ये दिग्दर्शक जाक तुर्नर यांनी दोन स्त्रियांना रात्री उसातून चालवले आणि फारसे काही न दाखवता पानांच्या सळसळीवर सगळी भीती तोलून धरली. १९६८ मध्ये जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ने मात्र प्रकाराचे रूपच पालटले; राबणारे मुडदे मागे पडले, मांस खाणारे मुडदे पुढे आले, चावा आणि संसर्ग हे नवे नियम झाले आणि ऊस या साऱ्या गोष्टीतून जवळपास नाहीसा झाला. गंमत अशी की त्या चित्रपटात झोंबी हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही.

ऊस नाहीसा झाला तो पडद्यावरून. कुकडी प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात तो क्षितिजापर्यंत पसरलेला आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या पाण्यावर जुन्नर-आंबेगावच्या पूर्व भागातील शेतीचे रूप पालटले, जुन्नरचा विघ्नहर आणि आंबेगावचा भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे गाळप हंगाम सुरू झाला की दुष्काळी जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येथे उतरू लागल्या. मजूर आणि कारखाना यांच्यामध्ये मुकादम असतो. तो हंगामापूर्वीच मजुराला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो आणि ती फिटेपर्यंत मजुराचे अंग त्या हंगामाला बांधलेले राहते. नवरा-बायकोच्या जोडीला या व्यवहारात एक कोयता म्हणतात. पहाटेच्या थंडीत ही जोडी फडात शिरते. एकाने ऊस बुडातून तोडायचा, वाढे छाटायचे, पाचट बाजूला सारायचे, दुसरीने मोळ्या बांधायच्या, आणि मग ट्रकला टेकवलेल्या अरुंद फळीवरून डोक्यावर मोळी घेऊन वर चढायचे. गाडी रात्री एक वाजता आली तर भरणीही रात्री एक वाजताच होते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि शासनाला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. हंगामातला एक दिवसही बुडू नये म्हणून शरीराचा अवयव काढून टाकण्यापर्यंत गोष्ट जावी, ही घटना हैतीच्या त्या जुन्या भीतीच्या किती जवळची आहे, हे कोणत्याही लेखकाला सांगावे लागू नये.

येथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. ऊसतोड मजुराला झोंबी म्हणून उभे करून त्याच्या मळक्या कपड्यांतून आणि थकलेल्या चालीतून प्रेक्षकाला किळस आणायची, हा मार्ग सोपा असला तरी अमानुष आहे. मूळ हैतियन कल्पनेत झोंबी हा हिंस्र नव्हताच. भय वाटायचे ते त्याला उठवणाऱ्याचे. माणसाची इच्छा कोणी काढून घेतली आणि त्या बदल्यात त्याला काय मिळाले, हा प्रश्न ज्या पटकथेच्या मध्यभागी असेल, तिला चाव्याची आणि रक्ताच्या चिळकांडीची गरज फार कमी पडेल.

उसातल्या भीतीचे दृश्यभान मराठीला नवे नाही. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने २०१७ मध्ये उसाच्या शेताचाच चक्रव्यूह करून दाखवला आणि पुढे २०२१ मध्ये त्यावरून ‘छोरी’ हा हिंदी चित्रपट निघाला. जुन्नर-आंबेगावात या चक्रव्यूहाला आणखी एक धनी आहे, तो म्हणजे बिबट्या. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके येतात. येथील बिबट्याची मादी उसातच पिल्ले घालते, ती पिल्ले उसालाच जंगल समजून वाढतात आणि तोड सुरू झाली की आसरा हरवून वस्त्यांच्या जवळ येतात. शेतीपंपाला रात्रीची वीज असली की शेतकऱ्याला दारे धरायला, म्हणजे सरीसरीतून पाणी फिरवायला, अंधारातच जावे लागते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, खिशातल्या मोबाईलवर मोठ्याने लावलेले भजन आणि वाकले तर आपण लहान जनावर दिसू या धास्तीने ताठ ठेवलेली पाठ, असा तो बांधावर उभा असतो. कोणत्याही भयपटाला याहून नेमका प्रसंग क्वचितच सुचेल. तरीही बिबट्याला राक्षस करणे टाळावे. या तालुक्यांत त्याने माणसे आणि मुले नेली आहेत, त्या घरांतले दुःख ताजे आहे. आणि दुसरीकडे माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात पिंजऱ्यामागे आयुष्य काढणारी जनावरेही याच गोष्टीची बळी आहेत. चित्रपटाने त्याची चाहूल वापरावी, त्याचा चेहरा नव्हे.

हीच मर्यादा आणखी एका ठिकाणी, आणि अधिक कठोरपणे, पाळली पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे चिखलाखाली गेली. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा ही बातमी बाहेर आली. जमिनीखालून उठणारे मृत हे या प्रकाराचे ठरीव दृश्य असल्याने माळीणचे नाव पटकथाकाराच्या मनात येणे शक्य आहे. ते मनातच ठेवावे. डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या आंबेगावची देवळे उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येतात, त्या जागेचा उपयोग विस्थापितांना विचारून आणि सन्मानाने करता येईल, माळीणचा नाही.

तंत्राच्या बाजूने पाहता कमी पैशांत होणाऱ्या भयपटांत झोंबीपट सर्वांत सोयीचा ठरतो, कारण त्याला महागडे संगणकीय भूत लागत नाही, हाडामांसाची माणसे लागतात. रोमेरो यांचा चित्रपट सुमारे १,१४,००० डॉलरांत झाला आणि कृष्णधवल चित्रणामुळे त्यात रक्त म्हणून चॉकलेटचे सिरप चालून गेले. जपानमध्ये शिनिचिरो उएदा यांनी २०१७ साली नवख्या नटांना घेऊन सुमारे ३० लाख येनमध्ये ‘वन कट ऑफ द डेड’ केला. त्याचा आरंभीचा सदतीस मिनिटांचा भाग एकाच अखंड चित्रीकरणाचा आहे आणि त्याने खर्चाच्या हजारपटीने उत्पन्न मिळवले. डॅनी बॉइल यांनी २००२ च्या ‘ट्वेंटी एट डेज लेटर’साठी साधा डिजिटल कॅमेरा निवडला, त्याचे एक कारण असे की पहाटे थोडाच वेळ मोकळ्या मिळणाऱ्या लंडनच्या रस्त्यांवर अनेक छोटे कॅमेरे झटपट लावता येत होते. साधन स्वस्त असल्याने चित्रपट आपोआप चांगला होत नाही. साधनाची निवड गोष्टीच्या गरजेतून झाली, म्हणून ती फळली.

जुन्नर-आंबेगावच्या रंगभूषाकाराला रक्तासाठी फार लांब जावे लागणार नाही. गुऱ्हाळावर मिळणारी काकवी, म्हणजे गूळ होण्याआधी उतरवलेला दाट रस, थोड्या पाण्याने सैल करून त्यात खाण्याचा लाल रंग आणि अगदी चिमूटभर निळा मिसळला, तर साकळू लागलेल्या रक्ताचा तपकिरी लाल रंग येतो, तो दिव्याच्या उजेडात चमकतो आणि नटाच्या तोंडात गेला तरी अपाय करत नाही. अडचण मुंग्यांची आणि माश्यांची. म्हणून ती लावायची ती कॅमेरा सुरू होण्याच्या अगदी आधी आणि पुसायची लगेच, कोमट पाण्याने. ध्वनिलेखकाने येथे पार्श्वसंगीताच्या आधी उसाचे आवाज टिपून घ्यावेत: हिरव्या पानांची सळसळ, वाळलेल्या पाचटाची कुरकुर आणि कोयत्याचा बुडावर बसणारा बोथट घाव हे तीन आवाज एकमेकांहून इतके वेगळे आहेत, की फडात कोण आहे आणि किती जवळ आहे, हे प्रेक्षकाला डोळे मिटूनही कळावे. उसाच्या पानाची कड कातडी कापते, म्हणून उघड्या अंगाने नटाला आत धाववू नये, आणि वनविभागाला कळवल्याशिवाय रात्री फडात एकही माणूस पाठवू नये. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांच्या परिसरात बिनतारी संचामुळे निरीक्षणात अडथळा येऊ शकतो, तेव्हा तेथे चित्रीकरण करणाऱ्यांनी आधी केंद्राशी बोलून घ्यावे. त्या तबकड्या पाहून आकाशातून आलेल्या संदेशाने माणसे झोंबी झाली, अशी कथा सुचणे साहजिक असले, तरी ती कथा जगात कुठेही घडू शकते आणि म्हणूनच या जागेची नाही.

गर्दी कोठून आणायची, या प्रश्नाचे उत्तर जुन्नर तालुक्यातल्याच नारायणगावात आहे. विठाबाई नारायणगावकरांचे हे गाव तमाशाची पंढरी मानले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे तमाशाच्या फडमालकांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. तमाशाच्या कलावंताला उघड्या मंचावर, रात्रभर, हजारोंच्या समोर शरीर ताब्यात ठेवण्याची सवय असते. वगात राजा, शिपाई आणि प्रेत अशी तीन सोंगे एका रात्रीत वठवणारा माणूस झोंबीची चाल महिनाभराच्या कार्यशाळेविना उचलू शकेल, आणि चाल हा तर या प्रकाराच्या अभिनयाचा कणा आहे. मात्र त्याला गर्दीतला फुकटचा चेहरा न समजता नट म्हणून करारावर घ्यावे आणि श्रेयनामावलीत त्याचे नाव द्यावे. श्रेय आणि हक्क यांच्याबाबतची हेळसांड स्वतंत्र निर्मात्यालाही महागात पडते: रोमेरो यांच्या चित्रपटाचे नाव वितरणाच्या वेळी बदलले गेले, नव्या शीर्षकपट्टीवर हक्कसूचना घालायची राहिली आणि त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार तो चित्रपट सर्वांसाठी खुला झाला, त्यामुळे जगभर दाखवल्या गेलेल्या या कलाकृतीचा मोठा मोबदला तिच्या कर्त्यांना कधीच मिळाला नाही. पटकथेची नोंदणी, कलावंतांचे लेखी करार आणि अंतिम प्रतीवरील हक्काचा उल्लेख ही कामे चित्रीकरणाच्या वेळापत्रकातच धरली पाहिजेत.

वेळापत्रकाची खरी अडचण वेगळीच आहे. तमाशाचा हंगाम दसऱ्यापासून साधारण बुद्ध पौर्णिमेपर्यंत चालतो, म्हणजे कलावंत मोकळे असतात ते पावसाळ्यात. आडसाली ऊस, म्हणजे आदल्या पावसाळ्यात लावलेला आणि दीड वर्षाच्या आत तुटणारा ऊस, भाद्रपदात माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर गेलेला असतो, पण तेव्हा तोडणारे मजूर आपापल्या गावी असतात आणि फडात चिखल असतो. तोड पाहायची आणि टिपायची तर मार्गशीर्षापर्यंत थांबावे लागते. म्हणून चित्रीकरणाचे दोन भाग करणे श्रेयस्कर दिसते: गर्दीची आणि पाठलागाची दृश्ये भाद्रपदात, नारायणगावच्या कलावंतांसह, पीक तुडवले गेल्यास द्यायची भरपाई शेतकऱ्याशी आधीच ठरवून, आणि तोडीची, मोळ्यांची, रात्रीच्या भरणीची दृश्ये मार्गशीर्षात, खऱ्या टोळीसोबत. त्या दिवसाची टोळीची मजुरी मुकादमाच्या हाती न देता प्रत्येक कोयत्यातील नवऱ्याला आणि बायकोला वेगवेगळी द्यावी, आणि ती तोडीच्या दरापेक्षा कमी असू नये.